मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याची देणी कशी निस्तरायची? मुंबईतल्या घरांसाठी पायरीपायरीने

बाबांचा दहावा करून आम्ही विक्रोळीला घरी आलो. चपलाही नीट काढल्या नव्हत्या, तेवढ्यात एक गृहस्थ दारात उभे राहिले. हातात वहीचं फाडलेलं पान. "दादांनी माझ्याकडून ऐंशी हजार घेतले होते. तुम्ही पोरं फेडाल एवढं लिहून द्या, म्हणजे मला रात्रीची झोप लागेल." माझ्या धाकट्या भावाने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. मामाने त्याच्या हातातलं पान घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "तेरावं होऊ दे. मग बसू."

मामा जेमतेम दहावी शिकलेला. पण पुढचे चौदा महिने मी बँका, पतपेढी, वॉर्ड ऑफिस आणि एका वकिलीणबाईंकडे जे हेलपाटे घातले, त्यात याहून उपयोगी सल्ला मला कोणी दिला नाही.

बाबा चोपन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मृत्युपत्र नव्हतं. आपल्यात त्या वयाला कोण करतं? मी वकील नाही, एका कारखान्यातल्या फिटरची मोठी मुलगी आहे. आमच्या चुका तुम्ही परत करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे. हे मुख्यतः हिंदू उत्तराधिकार कायदा ज्यांना लागतो त्यांच्यासाठी आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत वाटण्या वेगळ्या असतात. देणी आधी, वाटणी नंतर, हे मात्र सगळीकडे सारखं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा

बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर बसत नाही. ते बापाने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर बसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ हेच सांगतात: वारसाच्या हाती मृताची जेवढी मालमत्ता आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. बाबांनी तीन लाख ठेवले आणि देणी पाच लाखांची असतील, तर वरचे दोन लाख तुमच्या पगारातून कोणी मागू शकत नाही. पण ते तीन लाख वाटून खाल्लेत आणि मग हात वर केलेत, तर तेही चालत नाही. जेवढं घेतलं, तेवढ्याचा हिशेब द्यावाच लागतो.

"बापाचं ऋण फेडणं हा पोराचा धर्म" हे वाक्य कायद्यातही होतं. ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्यानंतरच्या कर्जांसाठी केवळ या धर्माच्या आधारावर मुलावर दावा लावता येत नाही.

अपवाद तीन. कर्जाच्या कागदावर तुम्ही सहकर्जदार असाल, जामीनदार असाल, किंवा नंतर स्वतःच्या सहीने "मी फेडतो" असं लिहून दिलं असेल. पहिले दोन झालेले असतात, त्याला इलाज नाही. तिसरा मात्र आपण दहाव्याच्या संध्याकाळी, डोळे सुजलेले असताना, स्वतःहून ओढवून घेतो.

१. मृत्यू दाखला: योग्य वॉर्डातून, भरपूर प्रती

मृत्यू जिथे झाला, तिथला वॉर्ड दाखला देतो. राहत्या घराचा वॉर्ड नव्हे. बाबा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात गेले आणि आम्ही भांडुपला एस वॉर्डात जाऊन रांगेत उभे राहिलो. चूक आमचीच. दाखला एफ उत्तरमधून, म्हणजे माटुंग्याहून मिळाला.

रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद रुग्णालयच पाठवतं. घरी झाला तर डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आणि स्मशानभूमीतली नोंद यावर सगळं अवलंबून असतं. नोंदीची मुदत २१ दिवस. त्यानंतरही नोंद होते, पण विलंब शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि वरिष्ठांची परवानगी यांचं शेपूट लागतं.

दाखला हाती आला की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून नाव वाचा. आधार, पॅन आणि पासबुकात जसं आहे तसंच हवं. मधलं नाव राहिलं किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं पडलं, तर पुढे प्रत्येक खिडकीवर "दोन्ही व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करत बसाल. किमान दहा प्रती काढा. आम्ही चार काढल्या आणि परत गेलो.

२. कपाट उघडा आणि यादी करा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळा निकाल इथेच लागतो. साड्यांच्या दुकानाच्या एका पिशवीत बाबांनी आयुष्य भरून ठेवलं होतं: तीन पासबुकं, एक एफडीची पावती, पगाराच्या स्लिपा, एलआयसीचं कॅलेंडर आणि एक छोटी डायरी. डायरीत शेवटच्या पानावर निळ्या शाईने लिहिलेलं: "भिशी उचलली. ४ बाकी."

एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर येणी, उजव्या पानावर देणी. शोधायचं कुठे, ते सांगते.

पासबुकाचं मागचं वर्षभर ओळ न् ओळ वाचा. दर महिन्याच्या त्याच तारखेला तीच रक्कम जात असेल, तर तो हप्ता आहे. नुसतं "एनएसीएच" (खात्यातून आपोआप होणारी कपात) आणि पुढे अगम्य अक्षरं असतील, तर शाखेत जाऊन ते कोणाला जातं ते विचारा. पगाराची स्लिप बघा. बाबांच्या स्लिपवर "सोसायटी २,५००" अशी कपात होती. आईला वाटायचं ती आमच्या बिल्डिंगची. ती कंपनीतल्या कामगारांच्या पतपेढीची निघाली.

आणि मोबाईल. सिम बंद करू नका, रिचार्ज करत राहा. कर्ज देणाऱ्यांचे मेसेज, कार्डाचं बिल, विम्याच्या हप्त्याची आठवण, सगळं तिथेच येतं. फक्त त्या फोनवर आलेल्या ओटीपीने पैसे हलवायचे नाहीत. त्याबद्दल पुढे सांगते.

घरावर कुठल्या बँकेचा बोजा आहे का, अशी शंका असेल तर सेरसाईच्या, म्हणजे तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, संकेतस्थळावर थोडे पैसे भरून शोधता येतं. जुन्या, विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. दहा वर्षं हात न लागलेली खाती तिथे सापडतात.

हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा:

- मृत्यू दाखल्याच्या मूळ प्रती
- मृताचं आधार, पॅन, रेशनकार्ड
- सगळ्या वारसांचं आधार, पॅन, फोटो
- पासबुकं, एफडीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी
- कर्जाची मंजुरीपत्रं, कार्डाची शेवटची तीन बिलं
- पगाराची स्लिप, फॉर्म १६, पीएफचा यूएएन (खातेदाराचा कायमचा नंबर)
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या

३. वारस कोण, ते कागदावर मांडा

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना प्रत्येकी एक समान वाटा. लग्न झालेली मुलगी तितकीच वारस. कायद्यातल्या वारसांच्या पहिल्या वर्गात वडील येत नाहीत, आई येते.

इथेच आम्ही फसलो. बँकेच्या फॉर्मवर आई, मी आणि भाऊ अशी तीन नावं लिहिली. कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, "यांची आई?" आजी संगमेश्वरला, गावी, ठणठणीत. मुलाच्या दिवसांना येऊन गेली होती, आणि आम्ही तिला कागदावरून वगळलं होतं. फॉर्म परत. आजीचं आधार, फोटो आणि अंगठा आणायला भाऊ रात्रीच्या गाडीने कोकणात गेला.

दुसरा नेहमीचा घोळ नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारणारा हात, मालकी वारसांचीच. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं.

४. बँकेला लेखी कळवा, एटीएम कार्डाला हात लावू नका

पिन घरात सगळ्यांना माहीत असतो. दिवसांचा खर्च समोर असतो. तरीही नको. मृत्यूनंतर काढलेला प्रत्येक रुपया पुढे दुसरा वारस किंवा घेणेकरी तुमच्यासमोर नाचवू शकतो. संयुक्त खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) असेल, तर हयात खातेदाराला व्यवहार चालू ठेवता येतो.

ज्या ज्या बँकेत, पतपेढीत, वित्त कंपनीत व्यवहार आहे, तिथे एक साधं पत्र द्या: अमुक व्यक्ती अमुक तारखेला वारली, दाखला जोडला आहे, ऑटो डेबिट थांबवावं, आजअखेर येणं-देणं किती ते लेखी कळवावं, कर्जाला विमा जोडलेला असल्यास तपशील द्यावा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्याच. तोंडी सांगितलेलं काउंटर बदललं की पुसलं जातं.

पत्रात एक वाक्य चुकूनही नको: "आम्ही हे कर्ज मान्य करतो व फेडू." त्याऐवजी लिहा: "तपशील मिळाल्यावर मृताच्या मालमत्तेच्या मर्यादेत विचार करू." वकिलीणबाईंनी आम्हाला घोटवून घेतलेलं वाक्य आहे हे.

ठेवी सोडवण्याचे नियम रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सोपे केले. नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत कोर्टाचं प्रमाणपत्र न मागता दावा निकाली काढायचा असतो. त्यासाठी दावा अर्ज, इंडेम्निटी बाँड (नुकसान भरून देण्याची हमी) आणि इतर वारसांची ना हरकत लागते. सगळे कागद पूर्ण झाल्यापासून मुदत १५ दिवस. मात्र "कागद पूर्ण" याची पोच घ्या, नाहीतर ते १५ दिवस सुरूच होत नाहीत.

त्याच बँकेत ठेवही आहे आणि कर्जही, तर बँक ठेवीतून कर्ज वळतं करून घेऊ शकते. धक्का बसू देऊ नका, हिशेब मागा.

५. कोणत्या पैशांना घेणेकऱ्याचा हात पोचत नाही

हे कोणी आपणहून सांगत नाही.

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, मृत सभासदाच्या देण्यांपासून मोकळा असतो. कायद्यातच तशी तरतूद आहे. वसुलीवाला "पीएफ आला ना, त्यातून द्या" म्हणाला, तर शांतपणे नाही म्हणा. ग्रॅच्युइटीवरही जप्ती येत नाही. नवऱ्याने विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली बायको-मुलांसाठी विमा काढला असेल, तर तो पैसाही त्याच्या घेणेकऱ्यांच्या आवाक्याबाहेर. पॉलिसीवर तसा उल्लेख असतो, शोधा.

राहतं घर मात्र या यादीत नाही. घर बाबांच्या नावावर असेल, तर ती मालमत्ताच. म्हणून "आमच्याकडे काही नाही" असं म्हणून सगळ्यांना वाटेला लावायचा बेत असेल, तर आधी हे लक्षात घ्या.

६. विमा शोधा, मगच खिशात हात घाला

बाबांचं १,८५,००० चं पर्सनल लोन बाकी होतं. बँकेचा माणूस तीन महिने हप्त्यासाठी फोन करत होता. एका रविवारी मी मंजुरीपत्र पुन्हा वाचायला घेतलं. कर्ज दिलं त्या दिवशीच्या कपातींमध्ये, प्रोसेसिंग फीच्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ: विमा हप्ता ६,१००. म्हणजे कर्जाला विमा होता. फोन करणाऱ्याला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्याने सांगितलं नाही. दावा दाखल केला आणि विमा कंपनीने सगळं कर्ज भरलं. तोवर आम्ही दोन हप्ते भरून बसलो होतो. ते परत मिळवायला आणखी पाच महिने गेले.

पासबुकात मे महिन्याच्या अखेरीच्या नोंदी बघा. ४३६ रुपये गेले असतील, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख. २० रुपये गेले असतील, तर सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. बाबांच्या पासबुकात ४३६ ची ओळ होती. आईला त्या ओळीचा पत्ताच नव्हता.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल, तर पीएफ खात्याशी जोडलेला विमा असतो. त्याचं नाव ईडीएलआय, रक्कम जास्तीत जास्त सात लाख. पीएफ, पेन्शन आणि हा विमा, तिन्हींचा दावा एकत्र भरता येतो. कंपनीच्या कार्मिक विभागाची सही लागते, म्हणून तिथल्या माणसांशी गोड राहा.

७. देणी वेगळी, वागणूक वेगळी

गृहकर्ज. सहकर्जदार असेल तर हप्ता त्याच्यावर चालू राहतो. विमा नसेल आणि हप्ता झेपत नसेल, तर बँकेकडे मुदत वाढवून मागा किंवा स्वतःहून घर विका. ९० दिवस थकलं की खातं बुडीत धरलं जातं. मग सरफेसी, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या, कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीला लेखी उत्तर द्या. ती कपाटात ठेवून दिल्याने थांबत नाही.

सोनं तारण. वारसांनी पैसे भरून सोनं सोडवायचं. लिलाव झालाच, तर कर्ज वजा जाता उरलेली रक्कम वारसांची असते. ती मागावी लागते.

क्रेडिट कार्ड. विनातारण. कार्ड लगेच बंद करायला सांगा. पुरवणी कार्ड आई वापरत असेल, तर तेही त्याच क्षणी थांबवा.

पतपेढी. इथे पैशापेक्षा माणसं महत्त्वाची. बाबांच्या ६०,००० च्या कर्जाला कंपनीतले दोन सहकारी जामीन होते. पतपेढीने बाबांचे शेअर आणि वर्गणी मिळून ३८,००० वळते केले आणि उरले २२,०००. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे कपात थेट त्या दोघांच्या पगारातून सुरू झाली असती. सगळे घेणेकरी सारखे, असं कायदा म्हणतो. मी मात्र हे २२,००० सगळ्यांच्या आधी दिले. त्यातल्या एकाने बाबांना खांदा दिला होता.

भिशी. कागद नसतो, पण चाळ-कॉलनीत भिशीचा शब्द म्हणजे शब्द. उचल आधीच झाली असेल तर उरलेले हप्ते देणं आहे. उचल व्हायची असेल तर ते येणं आहे, भिशी चालवणाऱ्या बाईंकडे जाऊन विचारा. आमचे चार हप्ते, पाच-पाच हजारांचे. दिले.

हातउसने आणि सावकार. पुरावा मागायला लाजू नका. चेक, बँकेतली नोंद, सही केलेली चिठ्ठी, साक्षीदार, काहीतरी हवंच. लेखी कबुली किंवा परतफेडीची नोंद नसेल, तर उसने दिलेल्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. या मुदतीच्या आत तुम्ही पाचशे रुपये जरी "खात्यात" म्हणून दिले आणि त्याची लेखी नोंद झाली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. मुदत संपल्यावर दिलेलं नवं लेखी वचनही तुम्हाला बांधतं.

व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ खाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आजोबांच्या भाषेत दामदुपटीचा नियम.

त्या ऐंशी हजारवाल्या गृहस्थांचं काय झालं? तेरावं झाल्यावर मामाने त्यांना चहाला बोलावलं. आम्ही पासबुक उघडून बसलो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खात्यावरून बाबांना ३०,००० आल्याची नोंद होती. उरलेल्या पन्नासांचं त्यांच्याकडे काहीच नव्हतं, आणि थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "व्याज धरलं होतं मी." ३०,००० देऊ म्हटलं. पुढे बँकेतून पाठवले आणि "पूर्ण व अंतिम" अशी पावती घेतली. मामाने खिशातलं ते पान त्यांच्यासमोर फाडलं.

८. पैसे पुरत नसतील तर क्रम

कोर्टाने नेमलेल्या प्रशासकासाठी भारतीय उत्तराधिकार कायद्यात क्रम दिलेला आहे. घरच्यांनीही तोच पाळावा. आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग मालमत्ता ताब्यात घेण्यासाठीचा कोर्टखर्च. मग मृताकडे काम करणाऱ्या मजुरांचा, मोलकरणीचा शेवटच्या तीन महिन्यांचा पगार. त्यानंतर बाकीचे सगळे, प्रमाणात. तारण घेतलेल्याचा तारणावरचा हक्क वेगळा.

"वाजवी" या शब्दाकडे लक्ष द्या. तेराव्याला तीनशे पानं उठवली, तर तो खर्च घेणेकऱ्यांच्या आधी धरता येणार नाही.

जो जास्त ओरडतो त्याला आधी, असं करू नका. वसुलीवाले फोनवर ओरडण्यासाठीच ठेवलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, धमकावू शकत नाहीत. दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, त्याचा फोटो काढा. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. १४४४८ वर फोन करून माहिती मिळते.

९. तडजोड: आधी पत्र, मग पैसे

मृत्यूच्या तारखेला व्याज आपोआप थांबत नाही. पण दंडव्याज आणि विलंब शुल्क माफ करा, अशी विनंती केली तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. आमची कार्डाची थकबाकी ४२,००० होती, ती ३६,५०० ला मिटली. "सेटल केलं तर सिबिल खराब होईल", म्हणजे कर्जफेडीची पत घसरेल, असं मला फोनवर ऐकवलं गेलं. गेलेल्या माणसाला सिबिल कशाला? सहकर्जदार असेल तर मात्र हा मुद्दा खरा आहे.

तडजोडीची रक्कम, तारीख आणि "यानंतर काही बाकी राहणार नाही" हे वाक्य बँकेच्या पत्रावर किंवा अधिकृत ईमेलवर आल्याशिवाय एक रुपया भरू नका. भरल्यावर नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या. घराचे मूळ कागद तारण असतील, तर कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

आमचा एकूण हिशेब: पतपेढी २२,०००, कार्ड ३६,५००, भिशी २०,०००, ते गृहस्थ ३०,०००, वाण्याची उधारी ३,४००. बेरीज १,११,९००. बचत खातं आणि एफडी मिळून होते २,११,०००. सगळं त्यातूनच गेलं. पीएफला हात लागला नाही.

१०. कोर्टात जावं लागतं का?

इथे दोन कागदांची कायम सरमिसळ होते. उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, हे मृताची येणी आणि रोखे वसूल करण्यासाठी. ठेवी, शेअर, कोणी बाबांकडून घेतलेले उसने पैसे. बाबांनी द्यायच्या पैशांशी त्याचा संबंध नाही आणि फ्लॅटसाठीही ते चालत नाही. वारस दाखला वेगळा. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली कोर्ट देतं. मुंबईत ही कामं उच्च न्यायालयात, फोर्टला होतात. नोटीस आणि हरकतींची मुदत धरून काही महिने धरून चाला. रक्कम लहान असेल आणि वारसांत भांडण नसेल, तर बऱ्याच घरांना तिथे जावंच लागत नाही. भांडण असेल, एक वारस अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल, किंवा घरावर जप्तीची भाषा सुरू झाली असेल, तर वकील करा. तिथे काटकसर नको.

११. घर नावावर करणं सगळ्यात शेवटी

आधी सोसायटीची मेंटेनन्सची थकबाकी भरा. त्यावर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सरळव्याज लागू शकतं. नॉमिनी असेल तर त्याला हंगामी सभासद करतात. कायम सभासदत्व वारसांचं ठरल्यावर. नॉमिनी नसेल तर सोसायटी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवते. खर्च आपला.

हक्कसोडपत्राची घाई करू नका. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीच्या हातात तो कागद तेराव्याच्या जेवणाबरोबरच ठेवतात. देणी किती ते कळायच्या आत हक्क सोडला, तर कोणाकडे किती आलं याचाच गोंधळ होतो. आणि घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. मी आईच्या नावे हक्क सोडला, पण शेवटचं नो ड्यूज हातात आल्यावर, माझ्या मर्जीने, नोंदणी कार्यालयात जाऊन. नोटरी केलेलं हक्कसोडपत्र पुरत नाही, नोंदणी लागते.

१२. आयकर, आणि मग सिम

मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसाने भरायचं असतं. आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. मृताचं पॅन, मृत्यू दाखला, स्वतःचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. कराची जबाबदारीही मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. बाबांचा उलट रिफंड निघाला, ४,२०० रुपये.

वर्षभर त्या नंबरवर काही आलं नाही, की सिम बंद करा. आमच्याकडे तेराव्या महिन्यात एका वित्त कंपनीचा मेसेज आला: "आपल्यासाठी पूर्वमंजूर कर्ज." भावाने तो आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "नको म्हणावं. झालंय आता सगळं." दुसऱ्या दिवशी भाऊ मृत्यू दाखल्याची शेवटची प्रत घेऊन मोबाईलच्या दुकानात गेला.